भिंतीआडचा मुकादम

३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटवण्यात आलं. बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घराला आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या कार्यालयालाही आग लावली गेली. मराठा आरक्षणाचं आंदोलन तेव्हा ऐन भरात होतं आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीला मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले होते. बीडमध्ये संचारबंदी लागली आणि तिच्या पाठोपाठ इंटरनेटही बंद झालं. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी, जरांगे पाटलांनी मुंबईकडे निघण्याची घोषणा केली तेव्हा जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत काही तासांसाठी इंटरनेट पुन्हा बंद झालं.

नेट गेलं की एक सल्ला तोंडोतोंडी फिरतो: ‘व्हीपीएन टाकून बघ, चालतंय.’ सल्ला देणाऱ्याची भावना चांगली असते. पण सल्ला चुकीचा असतो. २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा व्हीपीएनचं नाव गावागावांत पोहोचलं, आणि तेव्हापासून व्हीपीएन, प्रॉक्सी असले शब्द अंगाऱ्यासारखे वापरले जातात. काहीही अडलं की लावा. अडवणूक कसली आहे, कुणी केली आहे, कुठे केली आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. प्रॉक्सी लागू पडेल की नाही हे ठरतं ते या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर.

यातला ढोबळ भेद असा. ‘इंटरनेट बंद’ म्हणजे तुमच्या फोनपासून कंपनीच्या यंत्रणेपर्यंतची डेटा सेवाच थांबवलेली असते. ‘संकेतस्थळ बंद’ म्हणजे सेवा चालू असते, फक्त ठरावीक ठिकाणी जाऊ दिलं जात नाही. प्रॉक्सी, आणि तिचंच मोठं भावंड व्हीपीएन, हे दुसऱ्या दुखण्यावरचं औषध आहे. पहिल्या दुखण्यात प्रॉक्सीपर्यंत पोहोचायलाच नेट लागतं, आणि ते तर नाहीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीडच्या माणसाने जगातलं सर्वांत महागडं व्हीपीएन विकत घेतलेलं असतं, तरी बंद डेटावर त्याने काही फरक पडला नसता. तेव्हा बंदचा विषय थोडा बाजूला ठेवू आणि आधी दुसऱ्या दुखण्याकडे जाऊ. प्रॉक्सीची खरी करामत तिथे आहे, आणि खरा धोकाही.

कारखान्याच्या वहीत कुणाचं नाव?

प्रॉक्सी समजून घ्यायला बीड जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. ऊसतोडीचा व्यवहार डोळ्यांसमोर आणावा. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथल्या गावांतून नवरा-बायकोच्या जोड्या, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. कारखान्याचा करार या जोड्यांशी नसतो. मधे मुकादम असतो. कारखान्याच्या वहीत त्याचं नाव, आगाऊ पैशांची उचल त्याच्या हातात, टोळी त्याची. कारखान्याला विचाराल तर ऊस तोडणारा कोण, कुठल्या गावचा, हे ठाऊक असेलच असं नाही. मजुरालाही कारखान्याचा साहेब कधी दिसत नाही. दोन्ही बाजू पुरत्या ठाऊक असलेला माणूस एकच: मुकादम.

प्रॉक्सी म्हणजे इंटरनेटवरचा मुकादम. तुम्हाला एका संकेतस्थळावर जायचं आहे, पण वाटेवरच्या भिंतीने ते अडवलं आहे. तुम्ही प्रॉक्सीला सांगता, ‘ते पान आणून दे.’ प्रॉक्सी दुसऱ्या कुठल्या तरी देशातला किंवा शहरातला एक संगणक असतो, त्याला ती भिंत आडवी येत नाही. तो पान आणतो आणि तुमच्याकडे पाठवतो. भिंतीवरच्या पहारेकऱ्याला इतकंच दिसतं की तुम्ही प्रॉक्सीशी बोलताय. संकेतस्थळाला इतकंच दिसतं की प्रॉक्सी आली होती. आणि मुकादमाला सगळं दिसतं.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवं, कारण प्रॉक्सीच्या जाहिराती नेमकं तेच वाक्य गाळतात. ‘तुमची ओळख लपवा’, ‘मोकळेपणाने वावरा’ असं त्या सांगतात. लपवायची कुणापासून? कॉलेजपासून, कंपनीपासून, मोबाइल कंपनीपासून लपेल. प्रॉक्सीवाल्यापासून लपणार नाही. तुमच्यावर नजर ठेवणारा डोळा प्रॉक्सीमुळे मिटत नाही; एका माणसाच्या जागी दुसरा माणूस पाहू लागतो. पहिला निदान भारतात असतो, त्याला कायदा लागू असतो, त्याचं कार्यालय कुठे आहे हे माहीत असतं.

गंमत अशी की प्रॉक्सी जन्माला आली ती भिंतीची वैरीण म्हणून नाही. वर्ल्ड वाइड वेबचा जन्म झाला त्या जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतच, १९९४ च्या सुमारास, आरी लुओटोनेन या फिनिश तरुणाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सर्नच्या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सीची सोय केली. मोठ्या संस्था तेव्हा आपल्या अंतर्गत जाळ्याभोवती फायरवॉल उभारू लागल्या होत्या. आतल्या माणसांना बाहेरचं वेब तर हवं, पण प्रत्येक संगणक थेट बाहेर उघडा टाकायचा नाही. म्हणून एकच अधिकृत दार ठेवलं. सगळ्यांनी त्याच्यामार्फत जायचं-यायचं. त्यातून एक फायदाही निघाला. एकाने मागवलेलं पान प्रॉक्सी आपल्याजवळ साठवून ठेवी, आणि दुसऱ्याने तेच मागितलं तर जवळचीच प्रत देई. लाइन धीमी आणि महाग असलेल्या त्या काळात ही मोठी बचत होती. १९९६ पासून मिळू लागलेलं ‘स्क्विड’ हे फुकट सॉफ्टवेअर भारतातल्या असंख्य कॉलेजांत आणि कचेऱ्यांत याच कामाला जुंपलं गेलं. ज्यांनी त्या काळी कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट ३१२८ भरला असेल, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

म्हणजे भिंतीचं दार होती तीच वस्तू पुढे भिंतीवर लावायची शिडी झाली. फरक फक्त मालकाचा. दार संस्थेच्या मालकीचं होतं; शिडी कुणाची, हे बहुतेकांना माहीत नसतं.

भिंत नेमकं काय पाहते

तुम्ही ब्राउझरमध्ये एखादा पत्ता लिहून बटण दाबता तेव्हा तीन गोष्टी झपाट्याने घडतात. आधी ‘डीएनएस’ नावाच्या यंत्रणेला विचारणा होते, की या नावाच्या संकेतस्थळाचा आयपी क्रमांक कोणता? मग त्या क्रमांकाच्या संगणकाशी जोडणी होते. आणि मग, संकेतस्थळ ‘एचटीटीपीएस’ वापरत असेल तर, कुलूपबंद बोलणं सुरू होतं. पण कुलूप लागण्याच्या अगदी आधी तुमचा ब्राउझर पहिल्या संदेशात संकेतस्थळाचं नाव उघडपणे उच्चारतो, कारण एकाच आयपी क्रमांकावर शेकडो संकेतस्थळं नांदत असतात आणि आपल्याला कुठलं हवं ते सांगावं लागतं. या उच्चाराला ‘एसएनआय’ म्हणतात. तो झाकण्याची ‘ईसीएच’ नावाची पद्धत अलीकडे ब्राउझरांत आली आहे, पण ती अजून सगळीकडे पोहोचलेली नाही.

अडवणारा या तिन्ही ठिकाणी अडवू शकतो. डीएनएसमध्ये खोटं उत्तर द्यायचं, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तकलादू पद्धत. फोनच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस घातला की ती कोलमडते. आयपी क्रमांकच अडवायचा, तर त्या क्रमांकावरची निरपराध संकेतस्थळंही बळी जातात. एसएनआयमध्ये नाव पाहून जोडणी तोडायची, ही त्यातल्या त्यात नेमकी पद्धत. बेंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’च्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की जिओ ही पद्धत वापरत आहे. भारतात सगळ्या कंपन्यांना सरकारचा आदेश एकच असतो, पण तो राबवण्याची रीत प्रत्येकीची वेगळी. म्हणूनच एका सिमवर न उघडणारं पान दुसऱ्या सिमवर उघडतं, आणि मग पारावर तर्कवितर्क सुरू होतात.

कॉलेज आणि कचेऱ्यांतल्या भिंतीचा प्रकार आणखी वेगळा. तिथे संकेतस्थळांची वर्गवारी केलेली असते: खेळ, जुगार, समाजमाध्यमं, अश्लील मजकूर वगैरे. संस्था वर्गच्या वर्ग बंद करते. भारतातल्या कॅम्पसांत गाजलेलं यातलं एक नाव ‘सायबरोम’. हे अहमदाबादच्या एलिटकोर कंपनीचं उत्पादन. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसने ते विकत घेतलं. अशी यंत्रं कुलूपबंद बोलणंही मधेच उघडून वाचू शकतात, पण त्यासाठी संस्थेच्या संगणकांवर यंत्राचं स्वतःचं प्रमाणपत्र बसवावं लागतं. २०१२ मध्ये जॉर्डनमधल्या एकाला ‘टॉर’ या ओळख लपवणाऱ्या जाळ्याच्या प्रकल्पाच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र खोटं दिसलं. त्याचा माग काढताना टॉर प्रकल्पाच्या लोकांच्या लक्षात आलं की सायबरोमच्या यंत्रांत सर्वत्र एकच प्रमाणपत्र आणि एकच किल्ली आहे. म्हणजे एका यंत्रातली किल्ली कुणी काढून घेतली, तर त्या जातीच्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राआड बसलेल्या लोकांचं बोलणं तो वाचू शकला असता. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. भिंत बांधणाराही चुकतो, एवढं यातून ध्यानात ठेवावं.

वर्गवारीचा दुसरा त्रास रोजचा आहे. शब्दांवरून गाळणारी यंत्रं स्तनांच्या कर्करोगाची माहितीही अश्लीलात काढतात. हा रोग जुना आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल कंपनीच्या सेवेत नोंदणी करता येईना, कारण त्यांच्या गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडली होती. वैद्यकीय किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्याला असा अडथळा आला की तो प्रॉक्सी शोधतो. माझं मत विचाराल तर तिथे पहिला उपाय म्हणजे संगणक विभागात जाऊन ते संकेतस्थळ सूटयादीत टाकायला सांगणं. त्याला दोन मिनिटं लागतात, आणि मागून येणाऱ्या शंभर जणांचं काम होतं. आपल्याकडे विचारण्यापेक्षा वळसा घालणं सोपं वाटतं.

‘वेब प्रॉक्सी’ हा या वळशांतला सर्वांत सोपा प्रकार. काही उतरवून घ्यायचं नाही, काही बसवायचं नाही. एक पान उघडायचं, त्यातल्या चौकटीत हवा तो पत्ता लिहायचा. मागे एक छोटा प्रोग्रॅम ते पान आणतो आणि त्यातला प्रत्येक दुवा, प्रत्येक चित्राचा पत्ता बदलून पुन्हा स्वतःकडे वळवतो, म्हणजे पुढची प्रत्येक टिचकीही त्याच्यामार्फतच जाते. पीएचप्रॉक्सी, ग्लाइप ही अशा प्रोग्रॅमांची नावं एके काळी हॉस्टेलांत तोंडपाठ होती. कॉलेजने एक प्रॉक्सी बंद केली की दुसऱ्या दिवशी दुसरी. हा खेळ कॉलेजांना जिंकता आला नाही, पण विद्यार्थ्यांनाही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि खेळच संपला. खिशात स्वतःचा स्वस्त डेटा असताना कॉलेजच्या वायफायशी हुज्जत घालायची कशाला? वायफाय बंद केलं की झालं. शिवाय आजची संकेतस्थळं इतकी गुंतागुंतीची झाली आहेत की दुवे बदलण्याच्या त्या जुन्या युक्तीने ती धड उघडत नाहीत. लॉगिन अडतं, व्हिडिओ चालत नाही. वेब प्रॉक्सीचा सुवर्णकाळ सरला आहे. तिची जागा व्हीपीएनने घेतली. व्हीपीएन ब्राउझरमधल्या एका पानापुरतं थांबत नाही. फोनची सगळी ये-जा कुलूप लावून आपल्यामार्फत नेतं. मुकादम मोठा झाला, इतकंच.

मुंबईचे स्फोट आणि पाकिस्तानी प्रॉक्सी

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली प्रॉक्सीची सर्वांत नाट्यमय कहाणी २००६ ची आहे. ११ जुलैला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, सुमारे दोनशे माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना काही मोजकी पानं बंद करायला सांगितली. कंपन्यांना एकेक पान वेगळं काढून बंद करता आलं नाही, की तेवढी तसदी घ्यायची नव्हती, कोण जाणे. त्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं, जिओसिटीज बंद केलं. मुंबईकरांच्या मदतीसाठी सुरू झालेला ‘मुंबई हेल्प’ हा ब्लॉगही ब्लॉगस्पॉटवरच होता. याच्या तीन वर्षं आधी, २००३ मध्ये, मेघालयातल्या एका फुटीर संघटनेचा एक याहू गट बंद करताना देशभराचे सगळे याहू गट बंद झाले होते. त्यातून काहीही शिकलं गेलं नव्हतं.

आता गंमत पाहा. त्याच वर्षी काही महिने आधी पैगंबरांवरच्या डॅनिश व्यंगचित्रांच्या वादात पाकिस्तानने ब्लॉगस्पॉट बंद केलं होतं. तिथल्या तंत्रज्ञ तरुणांनी ते वाचण्यासाठी ‘पीकेब्लॉग्ज’ नावाची वेब प्रॉक्सी उभी केली होती. जुलैमध्ये भारतीय वाचक आपल्याच देशातल्या लोकांचं लिखाण वाचायला या पाकिस्तानी मुकादमाकडे गेले. मुंबईतल्या स्फोटांनंतर, दोन्ही देशांतलं वातावरण तापलेलं असताना! सरकारला जे थांबवायचं होतं त्यातलं काय थांबलं ते सांगणं कठीण, पण दोन देशांच्या भिंतींची जात एकच आहे हे मात्र अनेकांना तेव्हा कळलं.

२०१४ च्या डिसेंबरात पुन्हा तेच. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून मुंबईच्या न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार ३२ संकेतस्थळं बंद झाली. कारण आयसिसचा प्रचार. यादीत गिटहब होतं, व्हिमिओ होतं, पेस्टबिन होतं. गिटहबवर जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात. पुण्याच्या हिंजवडीतल्या माणसाला त्याच्याशिवाय सकाळ सुरू करता येत नाही. काही दिवसांतच त्यातली बरीचशी संकेतस्थळं मोकळी करावी लागली.

मग २९ जून २०२० आला. गलवानच्या भारत-चीन चकमकीनंतर टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली, आणि २ सप्टेंबरला पबजीसह आणखी ११८ वर. खेड्यापाड्यांतल्या कलाकारांना टिकटॉकने पहिल्यांदाच प्रेक्षक मिळवून दिले होते. ते एका रात्रीत गेले. व्हीपीएन हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राच्या तोंडी बसला तो इथून. पण टिकटॉकच्या बाबतीत तो फारसा कामाला आला नाही, कारण कंपनीने स्वतःहूनच भारतीयांना दार लावलं होतं, आणि तिचं ॲप आयपी क्रमांकाबरोबर फोनमधलं सिमकार्ड कुठल्या देशाचं आहे हेही पाहत असे. मुकादम बदलला तरी मजुराची बोली ओळखू येते, तसं.

फुकटाची किंमत

२०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्रिश्चन हाशेक याने इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या ४४३ प्रॉक्सी तपासल्या. त्यातल्या ७९ टक्के प्रॉक्सी एचटीटीपीएसची कुलूपबंद जोडणी होऊच देत नव्हत्या. तुम्ही उघड्या भाषेतच बोलावं अशी त्यांची सोय होती. काही तर पानांत परस्पर जाहिराती घुसडत होत्या. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, वीज लागते, डेटा लागतो. कुणी अनोळखी माणूस तो खर्च तुमच्यासाठी का करील, हा प्रश्न बाजारात भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या माणसाला इंटरनेटवर का सुचत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याच वर्षी ‘होला’ या लोकप्रिय फुकट सेवेचं बिंग फुटलं. तिच्या वापरकर्त्यांचे संगणकच दुसऱ्या ग्राहकांसाठी बाहेर पडण्याची दारं म्हणून विकले जात होते. म्हणजे तुम्ही फुकट प्रॉक्सी वापरत होता, आणि तुमच्या नकळत तुम्हीही कुणाची तरी प्रॉक्सी झाला होता. उद्या त्या ग्राहकाने काही उद्योग केला, तर नोंदीत आयपी क्रमांक तुमचा.

पण या विषयातली मला सर्वांत बोलकी वाटणारी घटना २००७ ची आहे, आणि तिचा एक धागा पुण्याजवळच्या खडकवासल्यापर्यंत येतो. टॉर ही प्रॉक्सीची सुधारलेली जात. तिच्यात एकाऐवजी तीन मुकादम ओळीने असतात. पहिल्याला तुम्ही माहीत असता पण तुम्ही कुठे जाताय ते नाही. शेवटच्याला ठिकाण माहीत असतं पण तुम्ही नाही. रचना हुशारीची आहे. हे मुकादम म्हणजे जगभरचे स्वयंसेवक, कुणीही होऊ शकतो. स्वीडनच्या डॅन एगरस्टाड या तरुण सुरक्षा सल्लागाराने असे पाच शेवटचे थांबे स्वतः चालवले आणि त्यांतून काय वाहतं ते नुसतं पाहिलं. कुलूप न लावलेल्या ईमेलचे पासवर्ड त्याच्यासमोरून सरळ वाहत होते. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस त्याने त्यातली शंभर खाती पासवर्डसकट जाहीर केली. त्यात अनेक देशांचे दूतावास होते, भारताचेही होते. संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ होती. आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी होती. एगरस्टाडने काही फोडलं नव्हतं, कुठे घुसला नव्हता. तो फक्त शेवटच्या मुकादमाच्या जागी जाऊन बसला होता.

ज्यांचं कामच गुप्तता राखणं आहे त्यांचं हे, तर परीक्षेचा निकाल पाहायला मिळेल ती प्रॉक्सी उघडणाऱ्या विद्यार्थ्याचं काय? म्हणून एक नियम पाळावा. अनोळखी वेब प्रॉक्सीतून एखादी बातमी, एखादा लेख वाचला तर वाचला. तिथे पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचं खातं, ओटीपी यातलं काही म्हणजे काही लिहायचं नाही. वेब प्रॉक्सीच्या पानावर दिसणारी कुलपाची खूण तुमच्या आणि प्रॉक्सीच्या मधल्या कुलपाची असते. प्रॉक्सीच्या आत सगळं उघडं असतं.

पैसे देऊन घेतलेलं नावाजलेलं व्हीपीएन यापेक्षा बरं, पण तिथेही भारतात एक मेख आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी क्रमांक आणि वापराचं कारण नोंदवून पाच वर्षं जपून ठेवावं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. आज त्यांच्या यादीत ‘भारत’ दिसतो तो प्रत्यक्षात दुसऱ्या देशातल्या यंत्रावर असतो.

प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र जे काम मुळात गुन्हा आहे ते प्रॉक्सीतून केलं म्हणून निर्दोष ठरत नाही, आणि कंपनीच्या किंवा कॉलेजच्या जाळ्यावर त्यांचे नियम मोडलेत तर ती कारवाई वेगळी. कचेरीच्या संगणकावर प्रॉक्सी वापरून नोकरी धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. तिथल्या भिंतीमागे अनेकदा ग्राहकांचा डेटा असतो आणि तिची गरज खरी असते. भिंत उभारणाऱ्यांनाही कधी कधी शिडी लागते, हा भाग अलाहिदा. चीनच्या इंटरनेटभोवतीच्या महाभिंतीचे जनक म्हणून ओळखले जाणारे फांग बिनशिंग २०१६ मध्ये हार्बिन इथे व्याख्यान देत होते. दाखवायचं पान त्यांच्याच भिंतीने अडवलं, आणि भर सभेत त्यांना व्हीपीएन लावावं लागलं.

उलट बाजूचीही एक भिंत आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सायबर हल्ल्यांच्या भीतीने आपल्याकडची काही सरकारी संकेतस्थळं परदेशी आयपी क्रमांकांना दार उघडत नाहीत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, पण आष्टी किंवा गेवराईला वडिलोपार्जित जमीन असलेल्या माणसाला अशा वेळी भारतात बसलेली प्रॉक्सी लागते. त्याने फुकट प्रॉक्सीतून आपल्या जमिनीचे तपशील भरत बसू नये. गावातल्या भावाला फोन करून सातबारा डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर पाठव म्हणावं. भरवशाचा मुकादम घरचाच बरा.

आदेश कुणाचा?

आता बंद पडलेल्या नेटकडे पुन्हा. अकोला, कोल्हापूर, साताऱ्यातलं पुसेसावळी, मग बीड. २०२३ या एका वर्षात महाराष्ट्राने ही पद्धत वारंवार पाहिली. लोक म्हणतात, ‘कलेक्टरांनी नेट बंद केलं.’ संचारबंदी जिल्हाधिकारी लावतात, हे खरं. पण २०१७ च्या दूरसंचार सेवा स्थगिती नियमांनुसार नेट बंद करण्याचा अधिकार राज्यात गृहसचिवांचा होता, जिल्ह्याचा नव्हता. आदेश आढावा समितीपुढे ठेवावा लागे. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करायलाच हवेत, म्हणजे नागरिकाला त्यांना आव्हान देता येईल. आणि बेमुदत बंद चालणार नाही. ते खंडपीठ न्यायमूर्ती रमणा, सुभाष रेड्डी आणि आपल्या अमरावतीचे भूषण गवई यांचं होतं. संकेतस्थळं बंद करण्याचे आदेश मात्र वेगळ्या वाटेने निघतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम ते गोपनीय ठेवायला सांगतात. एखादं पान का उघडत नाही, हे म्हणूनच बहुतेकदा कळत नाही.

दंगल पेटलेली असताना अफवा रोखायला नेट बंद करावं लागतं, हा प्रशासनाचा युक्तिवाद सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. व्हॉट्सॲपवरच्या एका खोट्या व्हिडिओने काय होतं ते मराठवाड्याने पाहिलं आहे. पण त्याच बंदमध्ये खरी बातमीही थांबते, यूपीआय थांबतं, दूर गेलेल्या ऊसतोड कुटुंबाचा घराशी असलेला व्हिडिओ कॉल थांबतो, आणि अफवा तोंडोतोंडी चालतच राहते. साध्या कॉलला आणि एसएमएसला इंटरनेट लागत नाही. फक्त डेटा बंद असेल तर ते चालू राहतात. महत्त्वाचे फोन क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत आणि थोडी रोकड घरात असावी, ही तयारी कुठल्याही व्हीपीएनपेक्षा उपयोगी.

नोव्हेंबर २०२४ पासून केंद्राचे नेटबंदीबद्दलचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांतही आदेश कारणांसह प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे, कुठल्या भागात आणि कोणती सेवा बंद हे लिहावं लागतं, आणि एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. तेव्हा पुढच्या वेळी नेट गेलं तर परत आल्यावर तरी एक काम करा: गृह विभागाकडे त्या आदेशाची प्रत मागा. ती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये लागतात.